पूर्णविरामानंतर किती स्पेस? मॅन्युअल साफ करण्याचा क्रम

मशीनचं मॅन्युअल हातात आलं की पहिली पाच मिनिटं मी वाचत नाही, नुसती टिंबं बघते. बडोद्यात दांडिया बाजारातल्या माझ्या डीटीपीच्या टेबलावर इंग्रजी, गुजराती, हिंदी, मराठी अशा चारही भाषांच्या फाइली येतात. मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे इथल्या औद्योगिक वसाहतीत, बनलेला पंप किंवा पॅनेल नाशिक-जळगावकडे विकला जातो, म्हणून त्याची पुस्तिका मराठीत लागते. आणि जवळजवळ प्रत्येक फाइलीत तोच गोंधळ असतो. काही वाक्यांनंतर एक स्पेस, काहींनंतर दोन, तर कुठे पुढचं वाक्य टिंबाला चिकटलेलं.

हे चुकीचं आहे एवढं सगळ्यांना कळतं. घोटाळा होतो तो दुरुस्तीच्या क्रमात. फाइल उघडायची, फाइंड-रिप्लेस लावायचं, ‘रिप्लेस ऑल’ दाबायचं. दहा चुका जातात आणि पन्नास नव्या येतात.

किती स्पेस, याचं उत्तर सोपं आहे. एक. शिकागो आणि मायक्रोसॉफ्टची शैली-पुस्तकं हेच सांगतात, एपीए या अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या शैली-पुस्तकाने २०१९ च्या सातव्या आवृत्तीत हेच केलं, आणि मराठी-गुजरातीसाठी वेगळं काही करायचं कारण नाही. टायपिंग क्लासमध्ये मशीनवर शिकलेल्यांचा अंगठा टिंबानंतर आपोआप दोनदा पडतो. तो पडू दे, नंतर साफ करता येतं. अवघड काम आहे ते कुठलं टिंब वाक्य संपवतं आणि कुठलं नाही हे ओळखण्याचं. खालचे टप्पे बरेचसे त्यासाठीच आहेत.

## हात लावण्याआधी

फाइलची प्रत काढा आणि मूळ फाइल बंद करून ठेवा.

वर्डमध्ये ट्रॅक चेंजेस चालू असेल तर आधीचे बदल स्वीकारून किंवा नाकारून ते बंद करा. ते चालू असताना पुसलेली स्पेस पडद्यावर नसली तरी फाइलीत असते आणि वर्डच्या शोधात पुन्हा पुन्हा सापडते. मग दुहेरी स्पेसचा आकडा शून्यावर येतच नाही आणि माणूस अर्धा तास तेच बटण दाबत बसतो. ग्राहकाला बदल दाखवायचे असतील तर शेवटी मूळ आणि नवी फाइल ‘कंपेअर’मध्ये टाका.

फाइल जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असेल तर पहिल्यांदा ती युनिकोडमध्ये आणा. त्या फॉन्टांत पडद्यावर दिसणारं टिंब आतून भलतंच अक्षर असू शकतं, त्यामुळे शोध लागतच नाही किंवा चुकीच्या जागी लागतो. रूपांतरानंतर काना-मात्रांच्या आसपास फालतू स्पेस आल्यात का तेही बघा. मला त्या हमखास सापडतात.

## १. फाइल शेवटी कुठे जाणार, ते ठरवा

कागदावर किंवा पीडीएफमध्ये जाणार असेल तर टाइप केलेली प्रत्येक स्पेस दिसणार.

वेबपानावर उलटं आहे. एचटीएमएल सलग आलेल्या साध्या स्पेस एकत्र करून एकच दाखवतं. म्हणून ब्राउझरमध्ये नीट दिसलं याचा अर्थ फाइल नीट आहे असा नाही. त्याच फाइलीची उद्या पीडीएफ करायला घेतली की सगळं उघडं पडतं. न तुटणारी स्पेस, म्हणजे जिथे ओळ मोडत नाही अशी नॉन-ब्रेकिंग स्पेस, मात्र एचटीएमएल मिटवत नाही. ती वाक्याच्या मध्ये चुकून आली असेल तर तिथे भोक दिसत राहतं.

मार्कडाउन म्हणजे साध्या खुणांनी मांडणी सांगायची लेखनपद्धत. तिच्यात ओळीच्या शेवटी दोन स्पेस म्हणजे ‘इथे ओळ तोड’ अशी आज्ञा असते. त्या उडवल्या तर पत्त्याच्या चार ओळी एका ओळीत येतात. ओळ तोडायचीच असेल तर शेवटी उलटी तिरकी रेघ द्या, निदान ती डोळ्यांना दिसते. आणि शक्य असेल तर मार्कडाउनमध्ये एका ओळीवर एकच वाक्य लिहा. छापताना त्या ओळी जोडल्या जातात, पण दोन आवृत्त्या ताडून बघताना बदललेलं नेमकं वाक्य समोर येतं.

लाटेक्स हे आज्ञा लिहून पानं जुळवायचं सॉफ्टवेअर टिंबानंतर स्वतःहून थोडी जास्त जागा सोडतं आणि वाक्य संपलं की नाही याचा अंदाज आधीचं अक्षर इंग्रजी कॅपिटल आहे का यावरून घेतं. देवनागरीत कॅपिटल नाहीत, त्यामुळे ‘क्र.’ नंतरही त्याला वाक्य संपल्यासारखं वाटतं. ‘फ्रेंचस्पेसिंग’ ही आज्ञा सुरुवातीलाच देऊन टाका.

एक अपवाद लक्षात ठेवा. जीएनयू या मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांच्या प्रकल्पांसाठी इंग्रजी दस्तऐवज लिहीत असाल तर तिथे वाक्यानंतर दोन स्पेस हाच नियम आहे. ईमॅक्स एडिटर मूळ सेटिंगमध्ये त्याच दोन स्पेसवरून वाक्य कुठे संपलं ते ओळखतो. ज्याच्या घरी जेवायला जातो त्याच्या पंगतीचा नियम पाळायचा, तिथे आपला एक स्पेसचा आग्रह धरायचा नाही.

## २. नियमांचा एक कागद करा

अर्धं पान पुरतं, पण ते टायपिस्ट, भाषांतरकार आणि प्रेसवाला या तिघांकडेही जायला हवं. माझ्या कागदावर एवढंच असतं.

- पूर्णविराम, प्रश्नचिन्ह, उद्गारचिन्ह यांच्याआधी स्पेस नाही, नंतर एक.
- हिंदी भागात दंड. त्याच्याआधीही स्पेस नाही, नंतर एक. मराठी आणि गुजराती भागात टिंब.
- आकडे एकाच लिपीत. सूचनांमध्ये ‘५’ आणि तक्त्यात इंग्रजी पाच, असं नको.
- एककं टिंबांशिवाय, म्हणजे मिमी, किमी, मिली.
- आकडा आणि एकक यांच्यामध्ये न तुटणारी स्पेस. २५ °से यातही, कारण एसआय या आंतरराष्ट्रीय एकक-पद्धतीच्या नियमात तापमानाच्या चिन्हाआधी जागा असते. कोनाचा अंश मात्र चिकटून, ४५°.
- टक्क्याचं चिन्ह आकड्याला चिकटून. एसआय इथेही जागा सोडायला सांगतं, पण मराठी छपाईत ते चिकटवूनच लिहिलेलं डोळ्यांच्या सवयीचं आहे. तुम्ही वेगळं ठरवा हवं तर, पण ठरवा.

अपूर्णविरामाबद्दल थोडं जास्त सांगायला हवं. मराठीत तो विसर्गासारखा दिसतो, म्हणून बरेच जण त्याच्याआधी एक स्पेस सोडतात. ती साधी स्पेस असेल तर कधीतरी ओळ नेमकी तिथे मोडते आणि दोन टिंबं पुढच्या ओळीच्या सुरुवातीला एकटी उभी राहतात. मी आधी जागा सोडत नाही. सोडायचीच असेल तर न तुटणारी सोडा. विसर्गाच्या जागी अपूर्णविराम टाइप करणं ही याच्याहून मोठी चूक. ‘स्वतः’ आणि ‘स्वत:’ छापील कागदावर सारखेच दिसतात, संगणकाला ते दोन वेगळे शब्द आहेत. आठव्या टप्प्यात याचा फटका दिसेल.

## ३. खुणा चालू करून एकदा नुसतं बघा

वर्डमध्ये कंट्रोल-शिफ्ट-आठ दाबा. साधी स्पेस ओळीच्या मध्यावरच्या बारीक ठिपक्यासारखी दिसते, न तुटणारी स्पेस अंशाच्या चिन्हासारख्या छोट्या गोलासारखी आणि टॅब बाणासारखा.

या टप्प्यात काहीही दुरुस्त करायचं नाही. पहिली दहा पानं चाळा आणि कुठल्या प्रकारच्या चुका आहेत त्यांची यादी करा. दोन ठिपके दिसले तर हात टायपिंग क्लासचा. टिंबानंतर काहीच नाही, तर मजकूर बहुतेक दोन ठिकाणांहून जोडलेला. वाक्याच्या मध्ये गोल दिसले की वेबपानावरून कॉपी केलेलं असतं. टिंब नाहीच आणि नुसत्या दोन स्पेस असतील, तर लिहिणारा फोनवर टाइप करणारा आहे. फोनवर दोनदा स्पेस दाबली की टिंब आपोआप येतं, संगणकावर सहसा येत नाही.

इशारा – वर्ड २०२० पासून दोन स्पेस ही चूक म्हणून अधोरेखित करतो, पण तो इंग्रजीचा तपास आहे. मराठी मजकुराखाली रेघ आली नाही म्हणजे तो स्वच्छ आहे असं समजू नका.

## ४. ज्याला हात लावायचा नाही ते बाजूला करा

मॅन्युअलमध्ये असा बराच मजकूर असतो जिथे स्पेस ही सजावट नसून माहिती असते. प्रोग्रॅमचा कोड आणि आज्ञा, पार्ट नंबर, पॅनेलच्या पडद्यावर दिसणारे संदेश, स्पेस देऊन जुळवलेले तक्ते. पडद्यावर एखाद्या संदेशात दोन शब्दांमध्ये दोन स्पेस असतील तर पुस्तिकेतही दोनच हव्यात, कारण ऑपरेटर ते अक्षर-अक्षर जुळवून बघतो. काही कोडमध्ये ओळीच्या सुरुवातीच्या स्पेस गेल्या तर प्रोग्रॅम चालतच नाही.

वर्डमध्ये साध्या मजकुराला एक स्टाइल द्या आणि फाइंडच्या चौकटीत ‘फॉरमॅट’मधून तीच स्टाइल निवडा. शोध मग तेवढ्यातच फिरतो. लिब्रेऑफिसमध्ये किंवा कोड एडिटरमध्ये भाग निवडून ‘फक्त निवडलेल्या भागात’ शोधा. स्पेसने जुळवलेले तक्ते आत्ताच खऱ्या तक्त्यांत बदला. ते पुढे कधीतरी तुटणारच असतात.

इशारा – ‘सगळी अदृश्य चिन्हं काढा’ असं एखादं तयार साधन मिळालं तर मराठीवर ते चालवू नका. ‘दुसऱ्या’मधला अर्धा र काही कीबोर्डवरून र, हलंत आणि झिरो विड्थ जॉइनर (अक्षरं जोडणारं अदृश्य चिन्ह) असा टाइप होतो. तो जॉइनर उडाला की तिथे रफार चढतो आणि ‘दुसर्या’ असं काहीतरी छापलं जातं. ‘दऱ्या’चा ‘दर्या’ झाला तर स्पेलचेकही काही बोलत नाही.

## ५. वाक्य न संपवणारी टिंबं आधी निपटा

लोक सर्वांत जास्त गाळतात तो हा टप्पा. सफाई चालवण्याआधी संक्षेपांची टिंबं हातावेगळी करायची.

कि.मी., मि.मी., मि.ली. या सगळ्यांचं किमी, मिमी, मिली करा. पी.सी.बी.चं पीसीबी करा. ‘इ.’ च्या जागी ‘वगैरे’ लिहा. ‘इ.’ वाक्याच्या शेवटी आला की त्याचं टिंब संक्षेपाचं की वाक्याचं हे कुणालाच सांगता येत नाही. ‘उदा.’ च्या जागी पूर्ण ‘उदाहरणार्थ’ लिहिलं तरी कागद काही फार वाढत नाही. एवढं केल्यावर क्र., डॉ., रु., पृ. अशी मोजकीच उरतात. ती तशीच राहू द्या, त्यांच्यासाठी सातवा टप्पा आहे.

तपासणी – `[अ-ह]\.[अ-ह]` हा शोध चालवा (रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे अक्षरांच्या नमुन्याने शोधायची सोय, चालू ठेवून). दोन अक्षरांच्या मध्ये अडकलेलं टिंब यात सापडतं. काना-मात्रा या कंसात येत नाहीत, म्हणून `[ा-ौ]\.[अ-ह]` हाही चालवा. प्रत्येक सापडलेली जागा बघा. संक्षेप असेल तर आत्ताच मोकळा करा, वाक्याचा शेवट असेल तर पुढच्या टप्प्यासाठी सोडा.

## ६. सफाई, याच क्रमाने

खाली ␣ ही खूण म्हणजे एक स्पेस. हे शोध लिब्रेऑफिस, इनडिझाइन या पानजुळणीच्या सॉफ्टवेअरमधला ग्रेप शोध आणि बहुतेक कोड एडिटर यांत चालतात. वर्डची वाइल्डकार्डची भाषा वेगळी आहे, तिथे हीच कामं साध्या फाइंड-रिप्लेसने करा, थोडा वेळ जास्त जातो.

पहिलं. जुन्या सगळ्या न तुटणाऱ्या स्पेस साध्या करा. वर्डच्या फाइंडमध्ये कॅरेटचं चिन्ह आणि त्याला चिकटून इंग्रजी छोटा एस टाकला की त्या सापडतात. हे आधी केलं नाही तर ‘एक साधी, एक न तुटणारी’ अशा जोड्या दुहेरी स्पेसच्या शोधातून निसटतात.

दुसरं. चिन्हाआधीची जागा काढा. शोध `␣+(?=[.,;?!।])`, बदल रिकामा. दंड इथे मुद्दाम घातला आहे. हिंदीत टाइप करणारे त्याच्याआधी स्पेस देतात आणि मग ओळीच्या सुरुवातीला नुसती उभी रेघ येते. दंडाच्या जागी कीबोर्डवरची साधी उभी रेघ टाइप करणारेही असतात, तीही एकदा शोधून घ्या. हिंदीतून आलेल्या परिच्छेदातला एखादा दंड मराठीत राहून जातो, तोही इथेच पकडा.

तिसरं. जिथे जागा नाही तिथे ती घाला. शोध `\.(?=[अ-ह])`, बदल `.␣`. हा शोध देवनागरी अक्षरच बघतो, आकडे बघत नाही, आणि तेच त्याचं मर्म आहे. सुरुवातीच्या दिवसांत मी एकदा सरळ ‘प्रत्येक टिंबानंतर स्पेस’ असं करून ठेवलं होतं. पुस्तिकेत ‘दाब २.५ बार ठेवा’ असं वाक्य होतं. त्याचं ‘२. ५ बार’ झालं, आणि नशीब असं की ओळ नेमकी तिथेच मोडली. एका ओळीच्या शेवटी ‘दाब २.’ आणि पुढची ओळ ‘५ बार ठेवा’. पुस्तिका छापून गेली. आठवड्याने साइटवरून फोरमनकाकांचा फोन. ‘ताई, व्हॉल्व अडीचवर ठेवायचा की पाचवर? पोरगा पाच म्हणतोय.’ काकांनी विचारलं म्हणून बरं झालं. तेव्हापासून टिंबाच्या शोधावर मी ‘रिप्लेस ऑल’ दाबत नाही, एकेक जागा बघून पुढे जाते. दोनशे टिंबांना वीस मिनिटं लागतात.

वाक्य आकड्याने सुरू होत असेल, म्हणजे ‘करा.५ मिनिटे थांबा’ असं असेल, तर ते या शोधात येत नाही. त्यासाठी `[^०-९]\.[०-९]` शोधा आणि हाताने दुरुस्त करा. त्यात ‘व्ही.४’ सारखे पार्ट नंबरही सापडतील, त्यांना हात लावू नका. स्वल्पविरामासाठी `,(?=[अ-ह])` पुरतं. ‘१,२५,०००’ सारख्या आकड्यांना ते शिवत नाही.

चौथं. आता दुहेरी स्पेस. शोध `␣␣+`, बदल `␣`. हे शेवटी ठेवायचं कारण एवढंच, की आधीच्या कामांत कुठे जास्तीची स्पेस पडली असेल तर तीही यात निघून जाते. वर्डमध्ये ‘दोन स्पेसची एक’ असं साधं बदलत असाल तर आकडा शून्य येईपर्यंत फेऱ्या मारा. पाच स्पेस असतील तर पहिल्या फेरीत तीन उरतात, मग दोन, मग एक.

तपासणी – मूळ फाइल आणि ही फाइल कंपेअर करा. बदल स्पेस, संक्षेप आणि दंड यांचेच दिसायला हवेत. एखादा आकडा बदललेला दिसला तर तिथेच थांबा आणि मागे जा.

## ७. न तुटणारी स्पेस सगळ्यांत शेवटी

आकडा एका ओळीवर आणि एकक दुसऱ्या ओळीवर गेलं तर वाचणारा चुकतो. ‘क्र.’ एका ओळीवर आणि ‘४’ खाली गेला तरी तेच. अशा ठिकाणी कंट्रोल-शिफ्ट-स्पेस, वर्डमध्येही आणि लिब्रेऑफिसमध्येही.

एकगठ्ठा करायचं असेल तर शोध `(?<=[०-९])␣(?=मिमी|बार|व्होल्ट|°से)` असा ठेवा आणि त्यात तुमच्या मॅन्युअलमधली एककं भरा. बदलाच्या चौकटीत न तुटणारी स्पेस टाइप होत नसेल तर मजकुरात एक टाइप करून तिथून कॉपी करा. मग क्र., डॉ., रु., पृ. यांच्यानंतरची स्पेस तशीच बदला.

हा टप्पा सहाव्याच्या आधी केला तर सहाव्यातलं पहिलंच काम सगळं पुसून टाकतं. माझ्याकडे शिकायला येणारी प्रत्येक मुलगी एकदा तरी हे करते.

## ८. भाषांतराला देण्याआधी वाक्यं मोजा

भाषांतराची साधनं मजकुराचे तुकडे पाडतात. टिंब आणि त्यामागे स्पेस दिसली की वाक्य संपलं असं त्यांना वाटतं. स्पेस नसेल तर दोन वाक्यांचा एक तुकडा होतो. ‘क्र. ४’ मध्ये मात्र एका वाक्याचे दोन होतात. न तुटणाऱ्या स्पेसवर प्रत्येक साधन थांबतंच असं नाही, म्हणून संक्षेपांची यादी त्याच्या नियमांतही घाला. काही साधनं अपूर्णविरामावरही तोडतात, आणि इथे तो ‘स्वत:’ उलटतो. ‘मुख्य स्विच स्वत: बंद करू नका’ या वाक्याचे ‘मुख्य स्विच स्वत:’ आणि ‘बंद करू नका’ असे दोन तुकडे होऊन वेगवेगळे भाषांतरित होतात. गुजराती भाषांतरकाराला दुसऱ्या तुकड्यात काय बंद करायचं नाही तेच कळत नाही.

दोन स्पेसचाही इथे खर्च आहे. मागच्या वर्षीच्या पुस्तिकेत तेच वाक्य एका स्पेसने जतन असेल, तर काही साधनांत नव्या वाक्याला पूर्ण जुळणी मिळत नाही. भाषांतरकार ते पुन्हा तपासतो आणि त्याचे पैसे तुम्ही देता.

तपासणी – साधनात फाइल उघडा आणि अगदी छोटे तुकडे आधी बघा. एक-दोन शब्दांचा तुकडा शीर्षक किंवा बटणाचं नाव नसेल तर बहुधा चुकीच्या जागी तुटलेला असतो. मग सर्वांत लांब तुकडे बघा. त्यांत चिकटलेली वाक्यं सापडतात.

## ९. छापून, उलटं धरून

पडद्यावर झूम कमीजास्त करून जागा कळत नाही. दोन-चार पानं खऱ्या आकारात छापा आणि कागद उलटा धरा. अक्षरं वाचता येत नाहीत, त्यामुळे पांढऱ्या जागा लगेच डोळ्यांत भरतात.

दोन्ही बाजूंनी सरळ केलेल्या अरुंद रकान्यात मोठी भगदाडं दिसतील. ती दुहेरी स्पेस नसतात. मराठी शब्द लांब असतात आणि ते ओळीच्या शेवटी सहसा आपोआप तुटत नाहीत, म्हणून उरलेली जागा शब्दांच्या मध्ये पसरते. तिथे स्पेस पुसत बसू नका, शब्द चिकटतील. तक्त्यांतला आणि इशाऱ्यांच्या चौकटींतला मजकूर डावीकडून सरळ ठेवा, उजवी कड वाकडीतिकडी राहू द्या. मग प्रेसला पीडीएफ पाठवा. वर्डची फाइल पाठवू नका, तिथे कुणीतरी ती उघडून फॉन्ट बदलतं आणि सगळ्या ओळी पुन्हा नव्याने मोडतात.